एक वीत कमी

आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, कोणाच्या घरची वीज बिघडली की लोक सगुणभाऊंना बोलावतात, आणि बोलावल्यावर पाच मिनिटांत पस्तावतात. दुसरा कुठलाही वायरमन आल्या आल्या स्टुलावर चढतो, चार स्क्रू पिळतो आणि 'झालं' म्हणून उतरतो. सगुणभाऊ आधी पायरीवर बसतात. चहा येईपर्यंत गप्प. चहा संपला की पिशवीतून टाँग टेस्टर काढतात, म्हणजे चिमट्यासारख्या तोंडाचा मीटर. तारेभोवती तो चिमटा धरला की तारेतून किती अँपिअर जातात ते दिसतं. मग ते व्होल्ट मोजतात, कानावरची पेन्सिल काढतात आणि त्यांचं ठरलेलं वाक्य म्हणतात.

"माका आधी दोन आकडे व्हये. तिसरो मी काढतंय."

दोन आकडे म्हणजे व्होल्ट आणि अँपिअर. व्होल्टला अँपिअरने भागलं की तिसरा, ओम. दोघांचा गुणाकार केला की चौथा, वॅट. हा चौथा ते न मागताच देतात. हे सगळं गणित ते कागदावर करत नाहीत, स्विचबोर्डाच्या बाजूला भिंतीवर करतात. चवथीच्या आधी घरं रंगवतात तेव्हा आमची सुमंगलाकाकी तेवढा एक चौकोन सोडून बाकीची भिंत रंगवते. पाहुणे विचारतात, पोरांनी लिहिलं काय? काकी म्हणते, "पोर कसला, साठ वर्षांचो बाप्यो तो."

मी बारावीला ओमचा नियम चार मार्कांसाठी पाठ केला होता आणि चार मार्क मिळाल्याबरोबर विसरलो होतो. तो मला पुन्हा शिकवला सगुणभाऊंनी, आणि तोही ट्रकांवरून.

सगुणभाऊ मूळचे तेरेखोल नदीच्या पलीकडचे, सिंधुदुर्गातले. एकोणिसाव्या वर्षी गोव्यात डिचोलीच्या बाजूला एका खाणीवर पंपघरात मदतनीस म्हणून लागले. खाणीच्या खड्ड्यात पाणी भरायचं, ते दिवसरात्र उपसायचं, आणि उपसणाऱ्या मोटारी जळू द्यायच्या नाहीत, हे काम. तिथे नारायण नावाचे फोरमन होते. मोटार गुरगुरली की सगळे पाना घेऊन धावायचे, आणि नारायण फोरमन ओरडायचे, "हात लावलास तर हात तोडीन. आधी आकडे घे." त्यांनी सगुणभाऊंना गणित शिकवलं ते असं: साखळी गावाच्या रस्त्यावर खनिजाच्या ट्रकांची रांग आहे. मागून हॉर्न मारून ढकलणारे जे, ते व्होल्ट. मिनिटाला जेवढे ट्रक पुढे सरकतात, ते अँपिअर. मधले खड्डे म्हणजे ओम. हॉर्न तेवढाच ठेवून खड्डे वाढवले तर ट्रक कमी सरकणार. खड्डे बुजवले तर जास्त. आणि सगळ्या ट्रकांनी मिळून जेवढी धूळ उडवली, तेवढे वॅट.

"आमच्या पुस्तकात ही आकृती नव्हती," मी म्हटलं होतं.

"तुमच्या पुस्तकवाल्यान साखळीचो रस्तो बघलो नसतलो," सगुणभाऊ म्हणाले.

खाणी बंद पडल्या तेव्हा बायकोचा हात धरून ते तिच्या माहेरी आले. आंबेखोल म्हणजे कोरगावच्या खाली उतरलं की काजूच्या डोंगराआड लपलेला आमचा वाडा. बायकोचं नाव भाग्यलक्ष्मी. वाड्यावरचे लोक अजून सगुणभाऊंना घरजावई म्हणून चिडवतात आणि ते अजून चिडतात, त्यामुळे दोन्ही बाजूंना कंटाळा आलेला नाही.

आंबेखोलाला वीज होती, पण थकलेली. लांबच्या, पेडण्याच्या बाजूच्या ट्रान्सफॉर्मरवरून निघालेली तार डोंगर चढून उतरून आमच्यापर्यंत येईतो तिच्यात दम राहायचा नाही. दोनशेचाळीसच्या जागी दोनशेदहा, कधी त्याहून कमी. पंखा फिरायचा, पण पाती मोजता यायची. त्या काळात गॅस पुरवून वापरायला बहुतेक घरांत कॉईलची शेगडी होती, आणि तिच्यावर पेजेचं आदण ठेवून बायका शेजारी जाऊन गजाली करून परत येत, तरी आदण आपलं कोमटच.

एकदा सुमंगलाकाकीच्या शेगडीची कॉईल मधोमध तुटली. सगुणभाऊंनी दोन टोकं जोडली. जळकं टोक काढून टाकावं लागलं, त्यात दोन वीत तार कमी झाली. काकीने शेगडी लावली आणि ओरडली. आदण दहा मिनिटांत उकळलं होतं.

इथे लोकांना नवल वाटतं, म्हणून सांगतो. तार कमी झाली म्हणजे रस्ता आखूड झाला, खड्डे कमी झाले. म्हणून अँपिअर वाढले, आणि अँपिअर वाढले म्हणून वॅट वाढले. सगुणभाऊंना हे आधीपासून माहीत होतं. वाड्याला ते त्या दिवशी कळलं, आणि ज्याला जेवढं हवं तेवढंच कळलं: सगुणभाऊंनी पक्कड लावली की शेगडी तापते.

मग रांग लागली. "माझी सुमंगलासारखी कर." "माझी सुमंगलापेक्षा दोन वीत जास्ती काप." सगुणभाऊ प्रत्येक घरी जायचे, दोन आकडे घ्यायचे, तिसरा काढायचे, हिशेबाने तेवढीच तार कापायचे आणि पुन्हा मोजायचे. एका लांब वहीत घराचं नाव, व्होल्ट, आधीचे ओम, नंतरचे ओम. कापलेला तुकडा ते टाकत नसत. गुंडाळी करून, दोऱ्याने नावाची चिठ्ठी बांधून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत. आणि निघताना सांगत, "ह्यो बेत कमी व्होल्टेजचो. व्होल्टेज वाढला तर माका बोलवा, तार परत जोडूक होयी."

लोक हसायचे. आंबेखोलात व्होल्टेज वाढणार!

एकतिसावं घर शेवंतीबाईंचं. घर म्हणजे घराला लागून पत्र्याची लांब पडवी. तिथे त्या सहा बायकांना घेऊन काजू फोडतात. फोडलेला गर वाळवायचा, मग त्यावरची तांबडी साल चोळून काढायची. वाळवायला वेंगुर्ल्याकडून आणलेला जुना ड्रायर. हे एक पत्र्याचं कपाट, खाली कॉईल, वर जाळीची ताटं. त्याच्यावर पट्टी ठोकलेली: २४० व्होल्ट, २४०० वॅट. पण गर काही वाळेना. साल निघेना, बायका नखांनी ओरबाडायच्या आणि अख्ख्या गराचे तुकडे व्हायचे. माल परत आला. शेवंतीबाईंनी सगुणभाऊंना बोलावलं.

व्होल्ट निघाले एकशेऐंशी. अँपिअर साडेसात. भागाकार चोवीस ओम, गुणाकार तेराशेपन्नास वॅट.

"चोवीसशेच्या जागी साडेतेराशे," सगुणभाऊ म्हणाले. "निम्म्याहून थोडा जास्ती."

"म्हणजे माझा अर्धा कपाट पेडण्यातच रवला," शेवंतीबाई म्हणाल्या. "उरलेला हाडून दिया, भावजी."

त्या कॉईलची तार सरळ ताणली तर एका वितीला जवळजवळ एक ओम पडत होता. चोवीस ओमला चोवीस वीत. सगुणभाऊंनी त्यातली नऊ वीत कापली. उरले पंधरा ओम. एकशेऐंशी भागिले पंधरा, बारा अँपिअर. वॅट एकवीसशेसाठ. दुसऱ्या दिवशी बायकांनी गर हातात घेऊन नुसता चोळला आणि साल फुंकरीसरशी उडाली.

ती नऊ वितींची गुंडाळी डब्यात गेली, आणि त्यानंतर सगुणभाऊंनी कोणाचीही तार कापली नाही. कोणी विचारलं तर, "आता ता काम मी करत नाय." वाड्याने ठरवलं की घरजावई माजलाय. मलाही तसंच वाटायचं.

शेवंतीबाईंना मात्र कापलेल्या तारेवर समाधान नव्हतं. त्यांनी ट्रान्सफॉर्मरसाठी अर्ज केला. मग दुसरा केला. घरोघरी सह्या घेत फिरल्या, पेडण्याला गेल्या, पणजीला गेल्या. काजूचा मोसम नसला की अर्जाचा मोसम. असं सहा वर्षं चाललं. यंदा एप्रिलात एक दिवस क्रेन आली आणि आमच्या वाड्याच्या तोंडाशी दोन खांबांवर राखाडी रंगाचा नवा कोरा ट्रान्सफॉर्मर चढला. शनिवारी सकाळी आठला वीज बंद, अकराला नव्या लाईनवर सुरू. पंच येणार, नारळ फुटणार, शेवंतीबाईंचा सत्कार, आणि वाड्याची इतकी वर्षं सेवा केली म्हणून सगुणभाऊंनाही शाल.

सगळा वाडा आनंदात. पोदेर सकाळी पाव घेऊन आला तर त्यालाही बातमी सांगून झाली. एकटे सगुणभाऊ सोमवारी माझ्या दारात उभे, काखेत बिस्किटांचा डबा.

"गौरेश, तुझी स्कूटर पाच दिवस मोकळी आसा?"

"कुठे जायचंय?"

"एकतीस घरा," ते म्हणाले. "शनवारी अकराच्या आधी."

मी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात अर्धा दिवस कामाला असतो, उरलेला अर्धा दिवस मोबाईल बघतो. त्यामुळे नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. सगळ्यांच्या तारा थकलेल्या विजेसाठी कापलेल्या. शनिवारी ताजी वीज येणार, पुरते दोनशेचाळीस व्होल्ट. व्होल्ट वाढले की त्याच तारेतून अँपिअरही वाढणार, आणि वॅट म्हणजे दोघांचा गुणाकार. दोन्ही वाढल्यावर गुणाकार कसा उडी मारतो ते बघ, म्हणून त्यांनी माझ्या घराच्या भिंतीवर शेवंतीबाईंच्या ड्रायरचा हिशेब मांडला. दोनशेचाळीस भागिले पंधरा, सोळा अँपिअर. सोळा गुणिले दोनशेचाळीस, तीन हजार आठशेचाळीस वॅट. कपाट चोवीसशेचं.

"आणि आपले लोक वीज गेली म्हणून बटण बंद करतात काय?" त्यांनी विचारलं.

करत नाहीत. आंबेखोलात वीज जाते तेव्हा बटण चालूच असतं, म्हणजे आली की कळतं. शनिवारी अकरा वाजता सगळे नारळाकडे बघत असणार आणि घरोघरी रिकाम्या शेगड्या चालू असणार.

पहिलं घर सुमंगलाकाकीचं. काकीने शेगडी पोटाशी धरली.

"तार वाढवतलास? नको रे बाबा. आधीच व्होल्टेज वाढतला, त्यात तू तार वाढव. घर पेटवतलास काय?"

"काकी, तार वाढवल्यावर आग कमी होते," मी म्हणालो.

"तू गप. चुलीत लाकूड जास्ती घातला काय जाळ जास्ती. तार जास्ती घातली काय जाळ कमी खंयचो?"

सगुणभाऊंनी वाद घातला नाही. भिंतीवरच्या त्या न रंगवलेल्या चौकोनाकडे बोट केलं. "काकी, तेव्हा मी तार कमी केलेलंय. मगे शेगडी तापली काय थंड झाली?"

काकी चौकोनाकडे बघत राहिली. दहा वर्षं ती त्या चौकोनाभोवती रंग देत होती, त्यात काय लिहिलंय ते तिने पहिल्यांदाच विचारात घेतलं. "तापली," ती शेवटी म्हणाली, आणि शेगडी पुढे सरकवली.

डब्यातून 'सुमंगला' चिठ्ठीचा तुकडा निघाला. चिनी मातीच्या छोट्या कनेक्टरमध्ये पितळी स्क्रूने तो परत जोडला. "बघ मरे," काकी मला म्हणाली, "लोक कापलेले केस जपत नाय, ह्यान माझी तार जपली."

असं पाच दिवस चाललं. काही घरांत शेगडी भंगारात गेली होती, काहींनी इंडक्शन घेतली होती. एकाने तार जोडून घेतली आणि वर विचारलं की शाल मिळणार म्हणून हे सगळं चाललंय काय. सगुणभाऊ जोडत राहिले. मी वही धरून प्रत्येक घरासमोर बरोबरची खूण करत होतो.

गुरुवारी दुपारी, चिकूच्या झाडाखाली स्कूटर लावून थांबलो होतो तेव्हा मी वही पहिल्या पानापासून चाळली. तारेच्या आकड्यांत मला गोडी नव्हती; नावं वाचत होतो. पण व्होल्टचा रकाना डोळ्यांत भरला. सुमंगला, दोनशेदहा. मग दोनशेसात, दोनशेचार. पान उलटलं, एकशेअठ्ठ्याण्णव. शेवटच्या पानावर एकशेचौऱ्याऐंशी, आणि शेवंती, एकशेऐंशी.

"भाऊ, हे आकडे खाली खाली का आलेत?"

सगुणभाऊ बाटलीतलं पाणी पीत होते. त्यांनी बाटलीला झाकण लावलं.

"तार कापली काय घर जास्ती अँपिअर ओढता," ते म्हणाले. "एका घरान काय होत नाय. तीस घरांनी ओढल्यार लांबची लाईन दमता. माझी शेगडी तापली काय शेजाऱ्याचो व्होल्टेज उतरता. मग शेजारी माका बोलावता. मी त्याची कापतंय. मग तिसऱ्याचो उतरता."

"पण पंप आले, फ्रीज आले, त्यांनीही..."

"आले. ता खरा. पण ह्या वहीत पंप नाय, गौरेश. ह्या वहीत माझी पक्कड आसा."

शेवंतीबाईंच्या ड्रायरला एकशेऐंशी लिहिताना त्यांनी सहज मागची पानं उलटली होती, आणि तेव्हा त्यांना ते दिसलं होतं. म्हणून कापणं बंद. पण सांगितलं कोणालाच नाही. शेवंतीबाई सह्या घेत त्यांच्याही दारात आल्या होत्या, दरवर्षी. दरवर्षी त्यांनी सही केली होती.

"तिका सांगूक होया," ते म्हणाले. "तार जोडूच्या आधी. मागसून सांगितला तर ता सांगणा न्हय."

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही पडवीत गेलो. सहा बायका पाटांवर बसून गर चोळत होत्या, ड्रायर घुमत होता. शेवंतीबाईंनी कदेल पुढे केली. सगुणभाऊ खुर्चीत बसले नाहीत, उभेच राहिले.

त्यांनी आधी ड्रायरचं सांगितलं. आज तार जोडली तर आजच्या थकल्या विजेवर गर वाळणार नाही. नाही जोडली तर उद्या सोळा अँपिअर. शेवंतीबाई म्हणाल्या, "उद्या सांजेक म्हापशाची गाडी येता. हो लॉट आज चालूच रवाक होयो." बरं, मग उद्या आठला वीज गेली की जोडू, अकराच्या आत होईल. इथवर सोपं होतं. मग त्यांनी वही उघडून शेवंतीबाईंच्या हातात दिली आणि मला झाडाखाली सांगितलं ते सगळं सांगितलं. बायकांसमोर, एकही शब्द न गाळता.

चोळणारे हात थांबले. 

शेवंतीबाईंनी व्होल्टच्या रकान्यावरून बोट खाली आणलं. स्वतःच्या नावाशी थांबलं.

"सहा वर्षां," त्या म्हणाल्या. "पणजीच्या हापिसात तो मनीस माका विचारी, व्होल्टेज एवढो उतरता कसो? मी म्हणी, तुमची लाईन वायट. आणि तुम्ही माझ्या अर्जार सही करी."

"होय, वयनी."

"एकदा तरी सांगूचा."

"धीर झालो नाय."

त्यांनी वही मिटून परत दिली. "उद्या आठाक येवा," एवढंच म्हणाल्या, आणि ताटं हलवायला उठल्या. येताना सगुणभाऊ वही छातीशी धरून स्कूटरवर मागे बसले. मी विनोद केला नाही, यावरून प्रसंग ओळखावा.

शनिवारी आठला वीज गेली. आम्ही पोचलो तेव्हा शेवंतीबाईंनी जनेल उघडून ठेवलं होतं आणि उन्हाचा पट्टा थेट ड्रायरच्या तोंडावर पडला होता. सत्काराची जरीची साडी नेसून त्या खाली पाटावर बसल्या होत्या. हातात पेन्सिल.

"आधी माका शिकवा," त्या म्हणाल्या. "दर खेपेक तुम्ही आकडो काढतास आणि मी मान हालवतंय. त्यातसून ह्या झाला. आता मी काढतलंय."

सगुणभाऊंनी शिकवलं. साखळीचा रस्ता, ट्रक, हॉर्न, खड्डे. सहा बायका ऐकत होत्या. एक म्हणाली, धूळ म्हणजे वॅट हे तिला लगेच पटलं, तिचा नवरा ट्रकावर होता. शेवंतीबाईंनी भिंतीवर तीन भागाकार केले, दुसरा चुकला, पुसला, पुन्हा केला. मग म्हणाल्या, "हं. आता जोडा."

'शेवंती' चिठ्ठीची गुंडाळी डब्यातून निघाली. सगुणभाऊ ती हलक्या हाताने उलगडू लागले. पण तार आधीची तापून तापून कडक झालेली, वर सहा वर्षं वळलेली. शेवटाजवळ बारीक 'कट्' असा आवाज झाला आणि टोकाची वीतभर तार बारीक तुकडे होऊन फरशीवर पडली, जोडण्याजोगा एकही नाही.

त्यांनी विती मोजल्या. पुन्हा मोजल्या. आठ.

त्या माणसाचा चेहरा मी पाच दिवस बघत होतो, पण तेव्हा बघवला नाही. पाच दिवसांत जोडलेल्या सगळ्या तारा अख्ख्या जोडल्या होत्या. जिची अख्खी हवी होती तिचीच तुटली, आणि डब्यात उरलेल्या शेगड्यांच्या तारा ड्रायरला बारीक पडल्या असत्या. "म्हापशाक जावन नवी हाडतंय," ते उठत म्हणाले. घड्याळात दहा वाजून गेले होते. म्हापशाहून परत येईतो बारा वाजले असते, आणि लॉट थंड कपाटात अर्धा ओला.

"बसा," शेवंतीबाई म्हणाल्या. "एक वीत कमी. म्हणजे पंधरा आणि आठ, तेवीस ओम. बरोबर?"

"बरोबर."

"दोनशेचाळीसाक तेवीसान भागूचा." पेन्सिल भिंतीवर फिरली. बराच वेळ फिरली. "धा पूर्णांक चार. आता ह्याका दोनशेचाळीसान गुणूचा." एक बाई हातचा धरायला विसरू नको म्हणाली. "चोवीसशे शहाण्णव. भावजी, कपाटार चोवीसशे लिवला आसा. हे सुमार शंभर वॅट जास्ती."

"शंभराक कपाट ऐकता," सगुणभाऊ हळू म्हणाले. "पण बरोबर नाय ता."

"मी काय वाळवतंय, तुमचा गणित काय माझो गर?" शेवंतीबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, आदल्या संध्याकाळनंतर पहिल्यांदा. "तुम्ही नऊ वीत कापली तेव्हा माझा काम उभा रवला. ह्या बायकांचा रवला. ता खरा. तुम्ही सहा वर्षां तोंड उघडला नाय, ताय खरा. आठ वीत परत गावली, एक वीत उणी रवली. चलता. जोडा."

त्यांनी जोडली. प्रत्येक स्क्रू घट्ट करून तार ओढून बघितली.

पावणेअकराला पंचांचा माणूस बोलवायला आला. शेवंतीबाई पदर सारखा करून निघाल्या. सगुणभाऊ म्हणाले, "मी मीटर धरून हंयच बसतलंय." माणूस म्हणाला, शाल? "शाल घरी धाडा. भाग्यलक्ष्मीक बरी दिसतली."

अकरा वाजून काही मिनिटं झाली आणि वाड्याच्या तोंडाशी फटाक्यांची माळ लागली. वरचा पंखा फिरला. नुसता फिरला नाही, पाती दिसेनाशी झाली. एका बाईने डोकं खाली घातलं. ड्रायर घुमला. सगुणभाऊंनी टाँग टेस्टर तारेला धरला आणि मी दुसऱ्या मीटरवर व्होल्ट वाचले: दोनशेएकोणचाळीस. त्यांच्या हातातल्या मीटरवर आकडा थरथरला आणि थांबला. १०.४.

ते भिंतीवरच्या शेवंतीबाईंच्या अक्षराकडे बघत राहिले. १०.४.

दहा मिनिटं, वीस मिनिटं. वास नाही, धूर नाही. वाड्यात कुठून ओरड नाही. सुमंगलाकाकीची हाक तेवढी आली, पेज उकळली म्हणून, आणि तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

शेवंतीबाई हार घालूनच परत आल्या. पहिलं ताट बाहेर काढलं, एक गर बोटांत धरून चोळला. साल उडाली. खाली पांढराफेक अख्खा गर. तो त्यांनी उन्हात धरून बघितला, मग सगुणभाऊंपुढे ठेवला आणि एक पाट पायाने त्यांच्याकडे सरकवला.

"बसा. गाडी येईसर चाळीस किलो सोलूक होयो. सहा वर्षांची शिक्षा समजा."

सगुणभाऊ बसले. बायका हसू दाबत होत्या. पहिला गर त्यांनी असा धरला, जणू त्यात करंट आहे, आणि चोळला. दोन तुकडे झाले. दुसरा चोळला. तीन तुकडे.

"भावजी," शेवंतीबाई पेन्सिल कानावर खोवत म्हणाल्या, "माका फक्त दोन आकडे दिया. किती सोललास, किती मोडलास. तिसरो मी काढतंय."